जुन्या बुलेटचे ब्रेक-गिअर पुढे सरकवतोय, घरच्या घरी (इंदूर)

कानस_पट्टी :

राम राम मंडळी.

गाडी १९८९ ची बुलेट स्टँडर्ड ३५०. कास्ट आयर्न इंजिन, गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला. बाबांची गाडी, त्यामुळे विकून नवी घे वगैरे सल्ले कृपया नकोत, ते घरात रोज मिळतात.

तीन वर्षांपूर्वी माझा डावा गुडघा मोडला. गाडीवरून पडून नाही, गच्चीच्या जिन्यावरून, आंब्याच्या पेटीसकट. तेव्हापासून तो ८५ अंशांच्या पुढे वळत नाही (सरळ पाय म्हणजे शून्य). भाच्याने मला गाडीवर बसवून बाजूने फोटो काढला आणि त्यावर कोनमापक ठेवला, तर मूळ फूटरेस्टवर पाय ठेवायला माझ्या उंचीला १०० अंश लागतात. हे १५ अंश आणायचे कुठून?

सहा महिने लेगगार्डवर पाय टाकून चालवली. आरामात बसता येतं, पण ब्रेक लावायचा तर पाय लेगगार्डवरून काढून मागे न्यायचा, आणि गुडघा वळत नाही म्हणून कंबरेपासून अख्खा पाय फिरवायचा. पाटणीपुऱ्याला पुढचा टेम्पो अचानक थांबला तेव्हा नुसत्या पुढच्या ड्रमवर गाडी थांबवली. थांबली म्हणून हा धागा काढतोय.

बेत असा : फूटरेस्ट आणि पेडल साधारण ३०० मिमी पुढे, ५० मिमी वर. आधार पुढच्या इंजिन प्लेटच्या (इंजिन फ्रेमला धरणारी पट्टी) स्टडवर (डोकं नसलेला आट्यांचा बोल्ट) घ्यायचा. घरी २०० अँपिअरचं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, ग्राइंडर, वाइस आणि हँडड्रिल आहे. लेथचं काम पोलोग्राउंडच्या एका खरादवाल्याकडून. पुठ्ठ्याचा साचा कापून झाला, त्यावरून प्लायचा केला, प्लायचा गाडीवर बांधून दोन संध्याकाळी अंगणात नुसता बसून राहिलो. बायको म्हणाली, निदान हॉर्न तरी वाजवा.

कोणी केलं असेल तर सांगा.

सराफा_रात्री_११ :

वाचतोय. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत). आंब्याचं काय झालं?

कानस_पट्टी :

आमरस.

मुरारकर :

ग्वाल्हेरहून लिहितोय. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. फूटरेस्ट घरी करा, कॅरिअर करा, साइड बॉक्स करा. ब्रेकचं पेडल घरी करू नका. फूटरेस्ट तुटला तर पाय लोंबेल, पेडल तुटलं तर तुम्ही समोरच्या ट्रकखाली जाल.

दुसरं, कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाच्या मूळ रचनेशी आणि नोंदणीतल्या तपशिलांशी न जुळणारे फेरफार चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच उचलून धरलं. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी आधी गाडीचे फोटो मागेल. मात्र शारीरिक अडचण असलेल्या माणसासाठी बदललेल्या गाडीची सोय कायद्यात आहे. २०१९ च्या दुरुस्तीत 'अॅडॅप्टेड व्हेइकल' अशी व्याख्याच घातली आहे. डॉक्टरचा कागद घेऊन रीतसर अर्ज करा, मग कानस हातात घ्या.

कानस_पट्टी :

मुरारकर, राग कसला. कागद घेतला, अर्ज दिला. होईपर्यंत गाडी अंगणाबाहेर काढणार नाही.

पेडलबद्दल मात्र माझं म्हणणं वेगळं आहे. आत्ता माझ्या गाडीला मागचा ब्रेक आहे, पण तो माझ्या पायाला पोचत नाही. म्हणजे नसल्यातच जमा.

नीलफुली :

मी फिजिओ आहे, गाडीतलं काही कळत नाही, तरी दोन प्रश्न विचारते.

थांबताना कुठला पाय टेकवता? आणि फक्त डावी बाजू पुढे नेणार की दोन्ही? एक पाय पुढे, एक मागे असं तासभर बसलात तर कंबर वाकडी राहते. गुडघा वाचवायला जाल आणि पाठ घेऊन माझ्याकडे याल. दोन्ही बाजू सारख्या ठेवा.

आणि ८५ वर थांबलाय म्हणता, व्यायाम चालू आहेत ना? उत्तर इथे नको, स्वतःला द्या.

कानस_पट्टी :

ताई, थांबताना उजवा टेकवतो. जुन्या बुलेटवर तेच सोयीचं, डावा ब्रेकवर असतो. किक सेंटर स्टँडवर उभी करून मारतो, म्हणजे डाव्यावर सगळा भार येत नाही.

दोन्ही बाजूंचं पटलं. उजवीकडे एक्झॉस्ट पाइप आडवा येतो म्हणून टाळत होतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दिलं स्वतःला. शरमेचं आहे.

कानस_पट्टी :

तीन आठवड्यांनी आलो. डावी बाजू तयार झाली आणि फसली. नीट सांगतो.

मूळ पेडल काढून टाकलं नाही. पाय ठेवायचा भाग कापला आणि उरलेल्या बुंध्याचा बेल क्रँक (मध्ये फिरणारा, जोर एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे नेणारा दुहाती तुकडा) केला, म्हणजे मागचा ब्रेक रॉड, स्प्रिंग आणि ब्रेकलाइटचा स्विच जिथल्या तिथे राहिले. नवीन पेडल पुढे, दोघांना जोडणारी ३८० मिमीची सळई. पेडल १२ मिमी जाडीच्या एमएस (साधं मऊ पोलाद) पट्टीतून कापलं. पाय पडतो तिथून पिव्होटपर्यंत (पेडल ज्या दांड्याभोवती फिरतं तिथपर्यंत) १६० मिमी, पिव्होटपासून सळईच्या भोकापर्यंत ४० मिमी. बेल क्रँकचे दोन्ही हात सारखे, म्हणजे तिथे काही वाढत-घटत नाही.

सळई पिव्होटच्या वरून न्यायची होती, पण वर प्रायमरी चेनकेसचा (इंजिनाच्या डावीकडच्या साखळीच्या डब्याचा) फुगवटा आडवा येतो. म्हणून खालून नेली. पेडल दाबलं की खालचा हात मागे जातो, सळई मागे ढकलली जाते, बेल क्रँक फिरतो, ब्रेक लागतो. कागदावर एकदम बरोबर.

अंगणात ढकलत ढकलत दाबून पाहिलं, ब्रेक लागला. मग गाडी स्टँडवर घेऊन चाक फिरवून जोरात दाबलं, तर पेडल स्पंजसारखं खाली जातच राहिलं. भाचा खाली वाकून बघत होता. म्हणाला, "मामा, सळई धनुष्यासारखी वाकतेय."

६ मिमीची सळई आहे. गाडीचा मूळ ब्रेक रॉडही बारीकच असतो की! तो कसा वाकत नाही?

बेलक्रँक_काका :

तुमचा मूळ रॉड *ओढला* जातो, म्हणून वाकत नाही. तुम्ही सळईला ढकलायला लावलंत. दोरीने बादली ओढता येते, ढकलता येत नाही. सळई म्हणजे थोडी ताठ दोरीच समजा.

मी पीथमपूरला एका कारखान्यात बत्तीस वर्षं टूलरूममध्ये काढली, तेव्हा हिशेब करून दाखवल्याशिवाय राहवत नाही. ६ मिमी गोल सळई, ३८० लांब, दोन्ही टोकं फिरती. ऑयलरच्या सूत्राने ती साधारण ८८ किलोच्या दाबाला बाजूला पळते, तेही अगदी सरळ असेल तर. तुमचं पेडल १६० ला ४०, म्हणजे चौपट. पायाने २५ किलो दाबलंत की सळईवर १०० येतात. घाबरून मारलेला ब्रेक २५ किलोचा नसतो, त्याच्या दुप्पट-तिप्पट असतो.

आता तीच सळई ओढीत घ्या. एम ६ च्या आट्यांच्या मुळाशी सुमारे २० चौरस मिमी पोलाद उरतं. साध्या एमएसला २५० न्यूटन प्रति चौ. मिमी धरलं तर ५०० किलोपर्यंत ती ताणत नाही. तीच सळई, तेच पैसे.

तुमच्यापुढे दोन वाटा. ढकलायचंच असेल तर जाडी वाढवा : हा जोर व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, ६ ची १२ केलीत तर सोळापट. किंवा पिव्होट बाहेर काढा आणि चेनकेसच्या बाहेरून, वरच्या अंगाने ओढीत न्या. मी दुसरी घेतली असती. १२ ची सळई वाकणार नाही, पण तिच्या टोकांच्या पिना आणि वेल्डची काळजी राहतेच.

आणि मुरारकरांचं ऐका थोडं. ब्रेकच्या कामात 'चालून जाईल' हा शब्द काढून टाका.

कानस_पट्टी :

काका, दंडवत. रात्री दोनदा वाचलं, सकाळी सळई काढून कुंपणाच्या फाटकाला कडी म्हणून लावली.

सराफा_रात्री_११ :

+१. बादलीचं उदाहरण वाचनखूण म्हणून साठवलं. नात्यांनाही लागू आहे.

बडोदेकर :

एमएस कशाला वापरताय? जंगतं आणि जड. मी माझ्या कॅफे रेसरला ६०६१-टी६ अॅल्युमिनियमचे मागे सरकवलेले सेट केले, १० मिमी प्लेट, बडोद्यातच मकरपुऱ्याला कापून घेतली. दोन वर्षं झाली, मस्त चाललेत. बफ केलं की आरशासारखे दिसतात.

बेलक्रँक_काका :

बडोदेकर, तुम्ही प्लेट कापून नट-बोल्टने जोडली असेल, तर उत्तम काम. पण कानसरावांकडे वेल्डिंग मशीन आहे आणि माणसाला हातातलं हत्यार वापरायचा मोह होतो. ६०६१-टी६ ला वेल्ड केलंत की वेल्डच्या शेजारच्या पट्ट्यात टी६ ची भट्टी (तापवून आणलेला कडकपणा) उतरते आणि ताकद जवळपास निम्मी होते. वरून काही दिसत नाही. शिवाय अॅल्युमिनियम पुन्हापुन्हा हादरे खाल्ल्यावर आधी न सांगता तुटतं. एमएस वाकतं. वाकलेलं डोळ्याला दिसतं, हा त्याचा मोठा गुण आहे. घरी करणाऱ्याने जंगाला घाबरू नये.

बडोदेकर :

हो, बोल्टनेच जोडलेत. वेल्डचं माहीत नव्हतं. मी साइड स्टँडचा कान त्याच प्लेटला वेल्ड करून घेणार होतो. वाचलो.

खरादी_मित्र :

पिव्होटला नुसतं भोक पाडून बोल्ट घालू नका हो, माझ्याकडे असे लोक रोज येतात. ईएन ८ चा (मध्यम कार्बनचं पोलाद) १६ मिमी शाफ्ट, त्यावर गनमेटलचा बुश, ग्रीस निप्पल. बुश पेडलमध्ये घट्ट ठोकून बसवायचा आणि रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) *नंतर* मारायचा, कारण ठोकला की आतून आवळतो. आधी मापात करून आणतात आणि मग शाफ्ट जात नाही म्हणून माझ्या नावाने ओरडतात.

कानस_पट्टी :

दुसरी खेप. या वेळी सविस्तर.

*स्टड.* पुढच्या इंजिन प्लेटचे दोन मूळ स्टड काढून त्याच मापाचे लांब स्टड ईएन ८ मधून करून घेतले. जुन्या बुलेटचे आटे इंची आहेत हे विसरून मी आधी सियागंजातून मेट्रिक नट आणले होते. दुकानदाराने परत घेताना ज्या नजरेने पाहिलं, ती अजून डोळ्यांसमोर आहे.

*प्लेट.* ८ मिमी एमएस, लोहामंडीतून तुकडा. दोन स्टडवर प्लेट छान बसली, पण फूटरेस्टवर उभं राहिलं की प्लेट पिळवटते, कारण सगळा भार बाहेर लोंबतो. म्हणून डावी आणि उजवी प्लेट इंजिनच्या पुढून खालच्या बाजूने आडव्या सीमलेस पाइपने जोडली. नीलफुलीताईंनी दोन्ही बाजू करायला लावल्या म्हणून हे सुचलं, एकट्या डाव्या प्लेटला धरायला दुसरं काही नव्हतं. पाठीचा सल्ला गाडीलाही लागला.

*ब्रेक.* पिव्होट २२ मिमी बाहेर काढला, सळई आता चेनकेसच्या बाहेरून वरच्या अंगाने जाते, पूर्ण ओढीत. जाडी ८ मिमी, काकांनी ६ पुरेल म्हटलं तरी. एका टोकाला सुलटे आटे, दुसऱ्याला उलटे, म्हणजे न सोडता नुसती फिरवून लांबी जुळवता येते. दोन्हीकडे चेकनट. पेडल सोडल्यावर वर अडायला स्टॉप बोल्ट दिला. तो नसेल तर स्प्रिंग पेडलला ओढत बसते आणि बेल क्रँकचा कोन रोज वेगळा.

*फूटरेस्ट.* घडीचे, वर आणि मागे दुमडतील असे. इतक्या पुढे घट्ट फूटरेस्ट ठेवला आणि वळणावर जमिनीला टेकला तर तो गाडीच उचलेल.

*गिअर.* इथे एक गंमत झाली. एक्झॉस्टला वळसा घालायला प्लेट गॅसवर तापवून वाकवली, पुढे लिव्हर, मागे गिअरबॉक्सच्या शाफ्टवर छोटा हात, मध्ये सळई. सगळं बसवून स्टँडवर गिअर टाकला, पहिला वर असतो म्हणून वर उचललं, तर दुसरा पडला. पुढचा हात वर आणि मागचा खाली ठेवला होता, त्यामुळे फिरणं उलटं झालं. एक वर तीन खाली याचं एक खाली तीन वर. दोन्ही हात एकाच दिशेला केले तेव्हा बाबांची गाडी परत बाबांची झाली. गिअरची सळई मात्र खाली जाताना ओढीत आणि वर जाताना दाबात असते, तिला एक बाजू निवडता येत नाही. म्हणून ती १० मिमीची केली. गिअरला पायाचा जोरही कमीच लागतो.

सराफा_रात्री_११ :

आणि टाचेने दाबून गाडी थेट न्यूट्रलला आणणारा न्यूट्रल फाइंडर?

कानस_पट्टी :

आहे तिथेच आहे. पाय आता तिथे नाही. सिग्नलला टाच मागे नेऊन शोधावा लागतो. उजवा गुडघा चांगला आहे म्हणून जमतं. बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले होते, एवढंच म्हणाले, "हे एक बुलेटचं सुख होतं, तेही तू लांब नेलंस."

मुरारकर :

पाहतोय. आधीपेक्षा बरं वाटतंय, खोटं कशाला बोलू. रॉड एंड (सळईच्या टोकाचा, गोळ्यावर फिरणारा सांधा) जोडणाऱ्या बोल्टला एकाच बाजूने आधार आहे की दोन्ही?

कानस_पट्टी :

ब्रेकला दोन्ही बाजूंनी, फोर्क कापून मध्ये रॉड एंड. गिअरला एकाच बाजूने.

बेलक्रँक_काका :

गिअरला चालेल, पण बोल्टच्या डोक्याखाली रॉड एंडच्या गोळ्यापेक्षा मोठा वॉशर घाला. गोळा झिजून घरातून निसटला तरी सळई वॉशरला अडकून राहील, पडणार नाही. ब्रेकच्या पिनेला स्प्लिट पिन. गिअरकडेही नायलॉनच्या नटवर विसंबू नका, शेजारी एक्झॉस्ट आहे.

आणि क्रोम करायचा विचार असेल तर स्टड आणि स्प्रिंगांना करू नका. प्लेटिंगच्या बाथमध्ये कडक पोलादात हायड्रोजन शिरतो. पुढे एक दिवस फारसं वजन नसतानाही टिचकी मारल्यासारखं तुटतं. नंतर भट्टीत तापवून तो काढतात, पण आपल्या गल्लीतला प्लेटिंगवाला तेवढा वेळ देईल याची खात्री मी देत नाही. रेड ऑक्साइड आणि काळा रंग.

कानस_पट्टी :

क्रोमचा विचार होता. आता नाही. मोठे वॉशर घातले.

नीलफुली :

आणि गुडघा?

कानस_पट्टी :

९०. भिंतीला टाच घासत खाली आणायचा व्यायाम, रोज दोनदा. ताई, तुम्ही जिंकलात.

कानस_पट्टी :

परवानगीचा कागद आला, गाडी बाहेर काढली.

त्याआधी स्टँडवर ब्रेक पेडलवर चक्क उभा राहिलो, ८२ किलो, भाच्याने फूटपट्टी धरली. पेडल दाबल्यावर जिथे थांबलं तिथून पुढे हललं नाही, आणि उतरल्यावर पिव्होट, वेल्ड, स्टड भिंग घेऊन पाहिले. मग कॉलनीच्या रिकाम्या मैदानात खडूची रेघ मारून ३० च्या वेगाने वीस-पंचवीस वेळा थांबवली. पहिल्या पाचात प्रत्येक वेळी पाय सवयीने मागे, जुन्या पेडलच्या जागी गेला आणि हवेत दाबला. ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. लोखंड तीन आठवड्यांत बदललं, पायाला तीस वर्षांची सवय आहे. दोन रविवार फक्त मैदान केलं.

तिसऱ्या रविवारी पहाटे खंडवा रोडने सिमरोल, मग भेरूघाट उतरून चोरल. घाटात खाली एक ट्रक रांगत होता, पाय आपोआप पुढे गेला, बरोबर जागेवर. चोरलला पोहे खाल्ले. जिलबी इंदूरसारखी नव्हती, ते असो.

तक्रारी दोन. डावीकडच्या पुढच्या चेकनटने परत येईपर्यंत पाव फेरा घेतला होता. घासून परत आवळला आणि नट-सळईवर पिवळ्या रंगाची आडवी रेघ मारली, आता हलला तर रेघ तुटलेली दिसेल. आणि पाय इतके पुढे गेल्यामुळे खड्ड्यात उभं राहून झटका पायांवर घेता येत नाही, सगळा माकडहाडाला बसतो. सीटच्या स्प्रिंगा बदलाव्या लागतील.

मुरारकर :

पिवळी रेघ आवडली. माझे आधीचे शब्द मागे घेत नाही, पण तुमच्या बाबतीत जरा मऊ करतो.

बडोदेकर :

कानसभाऊ, माझ्या मेहुण्याचीही तशीच ३५० आहे, त्याच्या टाचेत रॉड आहे. तुमचा पुठ्ठ्याचा साचा स्कॅन करून पाठवाल का? मी इथे प्लेट कापून घेतो.

कानस_पट्टी :

पाठवतो, पण त्यावरून थेट लोखंड कापू नका. तुमच्या मेहुण्याच्या गाडीचा एक्झॉस्ट पाइप नंतर बदललेला असेल तर उजवी प्लेट बसणारच नाही, आणि टाचेत रॉड असेल तर त्याला गुडघा नाही, घोटा आडवा येणार. पेडलचा कोन माझ्यापेक्षा वेगळा लागेल. आधी प्लाय बांधून त्याला दोन संध्याकाळी अंगणात बसवा. हॉर्न वाजवायला सांगा, नाहीतर घरचे हसतात.